उजवीकडचा खालचा कोपरा

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. मंठा-जालना, मंठा-परतूर, मधी दोन वर्षं मंठा-लोणार. माणूस एकदा का तिकीट घेऊन सीटवर बसला, की त्याचं तोंड माझ्या डोक्यात बसायचं. फाट्यावर उतरून पुन्हा चढला अन् म्हणला की मी मघाचाच हाय, तर खरं का खोटं मला बराबर कळायचं. मंठ्यात कुणालाबी विचारा, अण्णासाहेब चेहरा विसरत न्हाई. ही माझी शेखी. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे वाटोळं झालं ते या शेखीपायीच झालं.

आमचं एक मंडळ हाय, रविवार सिनेमा मंडळ. नाव सत्यशीलाबाईंनी दिलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्या, त्यांना कुठल्याबी गोष्टीला नाव लागतं. दुसरा भागवत. धंदा टेलरचा, पण बाप-आजा मेंढरं राखणारे. पाचशे मेंढरांत आपलं एक कोणतं ते हा माणूस लांबून सांगतो. तिसरा परमेश्वर, क्रूझर त्याचीच. अन् चौथा मी. दर रविवारी सकाळी नऊला गाडी निघते. वाटूर फाट्यावर चहा, जालन्यात बाराचा शो, अन् दिवस मावळायच्या आत परत. लोक हसतात, म्हाताऱ्यांना काय नाद लागला म्हणतात. हसू द्या. आमच्यातल्या कुणाला मागच्या रविवारच्या पिक्चरची ष्टोरी विचारा, एकालाबी सांगता यायची न्हाई. आम्ही पिक्चर बघतच न्हाई. आम्ही हिरोच्या मागची गर्दी बघतो.

आमच्या गल्लीत केशरबाई राहते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणतो. नवरा लवकर गेला, एकुलतं एक पोरगं, सुमित. दिसायला देखणा, पण डोक्यात सिनेमाचं खूळ. लग्नाला वर्ष झालं न्हाई तोवर मुंबईला गेला. हिरो व्हायला न्हाई बरं का, एवढा येडा नव्हता. पिक्चरमधी लग्न असतं, मोर्चा असतो, बाजार असतो, तिथं माणसं उभी करावी लागतात. तसलं उभं राहायचं काम. बायको मोनाली इथंच, सासूजवळ; सासूला ती आत्या म्हणते. सहा महिन्यांत जम बसला की नेतो म्हणला होता.

वर्षभरानं त्याचा फोन आला, की अमक्या पिक्चरात लग्नाच्या गाण्यात मी हाय, तिसऱ्या रांगेत, पिवळा फेटा. मंग काय! अख्खी गल्ली तीन गाड्या करून जालन्याला गेल्ती. अक्काला त्या वेळी नीट दिसत होतं, ती पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती. आला पिवळा फेटा. तिकीट फाडायला लागतो तेवढाच वेळ, पण आला. मोनालीनं तोंडाला पदर लावला अन् ढसाढसा रडली. मंडळ त्या दिवशी सुरू झालं. तेव्हा ते हौसेचं होतं.

पुढं दोन वर्षं सुमितचे फोन येत राह्यले. कधी हवालदार झालो म्हणायचा, कधी दंगलीतला मेलेला माणूस. मंग चार वर्षांमागं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी शेवटचा फोन आला, अन् त्याच्यानंतर मोबाईल बंद. मोनालीनं पोलिसात तक्रार दिली, तिचा भाऊ भारत दोनदा मुंबईला जाऊन आला. जिथं राहत होता तिथले लोक म्हणले, खोली सोडून गेला, कुठं ते म्हाईत न्हाई. आता एवढ्या मोठ्या शहरात माणूस हुडकायचा कुठं? अक्का म्हणली, पिक्चरात हुडका. तो दुसरीकडं कुठं जाणार?

हे म्हणणं ऐकून हसायला येतं ना? आम्हाला न्हाई आलं. आम्हाला ते बराबर वाटलं.

सुरुवातीला आम्ही चौघं सगळीकडंच बघायचो. मंग एकदा एका बाजाराच्या सीनवरून भागवत अन् परमेश्वरची अशी जुंपली, एक म्हणतो सुमित होता, दुसरा म्हणतो न्हाई, की वाटूर फाट्यापर्यंत दोघं एकमेकांशी बोलले न्हाईत. तवा सत्यशीलाबाईंनी पडद्याचे चार भाग केले. वरचा डावा त्यांचा, वरचा उजवा भागवतचा, खालचा डावा परमेश्वरचा, खालचा उजवा माझा. मधला हिरो कुणाच्याच वाट्याला आला न्हाई. अन् नियम केला, ज्याचा कोपरा त्याचा शब्द. दुसऱ्यानं मधी बोलायचं न्हाई, कारण दुसरा तवा आपल्या कोपऱ्यात बघत होता.

संध्याकाळी परत आलो की आधी अक्काच्या ओट्यावर. ती बाजेवर बसलेली असायची. आम्ही शाळेतल्या हजेरीसारखं एकेकानं सांगायचं. वरचा डावा, न्हाई. वरचा उजवा, न्हाई. ती प्रत्येकाला 'बरं' म्हणायची. चौथं 'बरं' झालं की मोनाली चहा आणायची. असे किती रविवार गेले! पावसात गेलो, उन्हात गेलो, परमेश्वरच्या पोरीच्या साखरपुड्यादिवशीबी गेलो.

दीड वर्षांमागची गोष्ट. भारतनं वडीगोद्रीहून, म्हणजे माहेराहून, बहिणीसाठी स्थळ आणलं. अंबडला एका हायस्कूलात शिपाई, बायको वारलेली, अर्पिता नावाची पाच वर्षांची पोरगी. माणूस सरळ होता. मोनाली एकोणतीस वर्षांची. ती काय सासूला टाकून जाणारी न्हाई, पण तिलाबी जीव हाय. तिनं सत्यशीलाबाईंना सांगितलं की मला माणूस पसंत हाय. मोनालीनं त्या पोरीच्या मापाचा एक फ्रॉक शिवून ठेवला होता, पिवळा. भारत मंगळवारी येणार होता, हो का न्हाई ते ऐकायला. अक्का 'जा बाई' म्हणली. तोंडानं जा म्हणली, अन् दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडलं. रुसून न्हाई, तिला घासच गिळत नव्हता. तीन दिवस नुसत्या चहावर.

मला हे सगळं म्हाईत होतं. म्हाईत नव्हतं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण होतं.

त्या रविवारी आम्ही परत आलो. पिक्चरात स्टेशनचा एक मोठा सीन होता, गर्दीच गर्दी. पण सुमितसारखा कुणीच नव्हता. ओट्यावर बसलो. वरचा डावा, न्हाई. वरचा उजवा, न्हाई. खालचा डावा, न्हाई. अक्का 'बरं' म्हणत होती, पण आवाज विहिरीतून यावा तसा. मंग तिनं माझ्याकडं बघितलं. गालाची हाडं वर आल्ती, ओठ सुकले होते. मनात म्हणलं, एक शब्द बोलायला आपलं काय जातंय? म्हातारीच्या पोटात दोन घास जातील. मोनालीला मागून बाजूला घेऊन खरं सांगू. ती शहाणी हाय.

अन् मी बोललो, “खालचा उजवा. दिसला, अक्का.”

सत्यशीलाबाईंनी चटकन माझ्याकडं बघितलं. भागवत खाली बघायला लागला. पण नियम म्हणजे नियम, कुणी तोंड उघडलं न्हाई. मी आपला सांगत सुटलो. स्टेशनचा सीन होता, खांद्याला पिशवी होती, दाढी वाढवलीय, वाळलाय थोडा, पण तोच. खोटं बोलायला लागलं की असं सुचत जातं, कुणी आतून सांगून राह्यलं असं वाटतं.

मोनाली आतून बाहेर आली. भाकरी करत होती, हात पिठानं भरलेले. दारातच उभी राहिली.

“अण्णा, बराबर बघितलं?”

तेवढ्यावर थांबता आलं असतं. 'वाटलं तसं' म्हणालो असतो, 'लांब होता, नक्की सांगता यायचं न्हाई' म्हणालो असतो, तरी भागलं असतं. पण तिनं मला विचारलं होतं, मला, अण्णासाहेबाला, की बराबर बघितलं का.

“एकतीस वर्षं तोंडंच बघितली,” मी म्हणलो. “मी चुकन का?”

अक्का हसली. चार दिवसांनी हसली. म्हणली, भाकर आण गं. आमच्यासमोर बाजेवर बसून ठेच्यासंगं दीड भाकर खाल्ली. मी ती खाताना बघत होतो अन्, खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला. घरी येऊन बायकोला म्हणलो, आज एक चांगलं काम केलं.

सोमवारी मोनालीला सांगायला गेलो, तर ती अंगणवाडीत. तिथं मदतनीस हाय ती. पोरांच्या घोळक्यात कसं सांगायचं म्हणून परत आलो. मंगळवारी सकाळी आठलाच गेलो. ती अंगणात न्हाऊन केस वाळवत उभी होती. मला बघून म्हणली, या ना अण्णा. भारतला रात्रीच फोन केला, येऊ नको म्हणलं, माझा नवरा हाय. बोलताना एवढी खुश, लग्नाच्या वेळी बघितली होती तशी. मी चहा पिलो. साखर कमी झाली का म्हणली, न्हाई म्हणलो. अन् उठून घरी आलो.

पुढच्या महिन्यात अंबडच्या त्या माणसाचं दुसरीकडं जमलं. फ्रॉक मोनालीनं अंगणवाडीतल्या एका पोरीला देऊन टाकला.

त्यानंतर दीड वर्ष मी मंडळाबरोबर जात राह्यलो. परमेश्वरनं एकदा गाडीत विषय काढला, अण्णा, त्या दिवशी खरंच का? मी म्हणलो, कोपरा माझा हाय. पुन्हा खोटं मी बोललो न्हाई. दर रविवारी 'खालचा उजवा, न्हाई'. अक्का आता बाकीच्यांचं ऐकायचीबी न्हाई, माझ्याकडंच बघून असायची. अन् मोनाली चहा देताना मला हळूच विचारायची, आज स्टेशनचा सीन नव्हता का? दर रविवारी विचारायची. भित्रा माणूस हाय मी. एसटीत दांडगाई करणाऱ्याला मी एकट्यानं गाडीतून खाली उतरवायचो, अन् या पोरीसमोर माझी बोबडी वळायची.

मागच्या बुधवारी दुपारी ती माझ्या घरी आली. बायको बाहेर गेल्ती. मोनाली खुर्चीवर बसली न्हाई, खालीच बसली, भिंतीला टेकून. मोबाईल माझ्यासमोर धरला. मुंबईच्या पोलिसांनी तक्रारीवरून फोटो पाठवला होता. तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. पण हातावर गोंदलेलं होतं, 'केशर', अन् बाजूला चांदणी. ती चांदणी जत्रेत गोंदताना मी शेजारी उभा होतो. सिनेमाचं काम सुटलं होतं, एका बांधकामावर मजुरी करत होता, पडला. त्यांच्याकडं नावगाव नव्हतं. बेवारस म्हणून सगळं उरकलं.

तिनं फोटोखालच्या तो गेल्याच्या तारखेवर बोट ठेवलं. शेवटच्या फोननंतर बाराव्या दिवसाची तारीख होती.

म्हणजे चार वर्षं. ज्या ज्या रविवारी आम्ही डोळे फोडून गर्दी बघत होतो, त्यातल्या एकाबी रविवारी तो कुठंच नव्हता.

मोनाली रडत नव्हती. हिशेब जुळवावा तशी बोलत होती. म्हणली, अण्णा, पिक्चर जुनं असंल न्हाई? शूटिंग आधीच झालेलं असंल. सुमितच सांगायचे, काही काही पिक्चर तीन तीन वर्षं डब्यात पडून राहतात. तसंच असंल.

मला वाट दिली होती तिनं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तिचे डोळे बघितले अन् कळलं, ती वाट मला न्हाई, तिनं स्वतःला शोधली होती. तो दिसला होता हे खरं असंल, तरच तिनं अंबडला न्हाई म्हणलं त्याला काही अर्थ होता.

मी म्हणलो, असंल.

तिनं मान हलवली. मंग मोबाईलवर ते पिक्चर काढलं. आता सगळी पिक्चरं मोबाईलवर येतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. स्टेशनचा सीन लावला अन् माझ्या हातात दिला. “दाखवा, अण्णा. एकदा बघते. शेवटचे दिसले ते तुम्हालाच.”

माणसं चालली होती. पिशव्या, टोप्या, हमाल, बाया. मी बोट वर केलं. एकदा सीन संपला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा संपला. एक दाढीवाला गेला, त्याच्यावर ठेवलं असतं तर ठेवता आलं असतं. तिसऱ्यांदा लावला तवा मी मोबाईल खाली ठेवला.

“मोनाली, मी काहीच बघितलं नव्हतं. अक्का जेवत नव्हती म्हणून बोललो.”

तिनं मोबाईल बंद केला. मला वाटलं आता शिव्या देईल, द्याव्या, चार तोंडात माराव्या. तिनं एकच विचारलं.

“त्या दिवशी आत्यांनी किती खाल्लं होतं, तुमच्या ध्यानात हाय?”

“दीड भाकर.”

“दीड भाकरीला गेले मी,” ती म्हणली. अन् उठली. दारात थांबून एवढंच बोलली, की आत्यांना सुमितचं कळता कामा नये, पुन्हा जेवण सोडतील. तुम्ही रविवारी नेहमीसारखं जा.

मी तिघांना सगळं सांगितलं. सत्यशीलाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. भागवत म्हणला, अण्णा, मला त्याच दिवशी माहीत होतं, मी गप बसायला नको होतं. मला वाटलं मंडळ मोडलं. रविवारी घरीच बसणार होतो. पण नऊला हॉर्न वाजला. बाहेर आलो तर गाडीत मोनाली बसलेली, मांडीवर पिशवी. अक्का ओट्यावरून सांगत होती, तिलाबी बघू द्या एकदा, तिची नजर तरणी हाय.

वाटूर फाट्यावर कुणी चहा पिला न्हाई. टॉकीजमधी मोनाली माझ्या शेजारी बसली अन् म्हणली, मला तुमचा कोपरा द्या. मी दिला. दुसरं द्यायला माझ्याकडं होतंच काय? पिक्चर सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मधी बघितलं, हिरोकडं. काहीच कळलं न्हाई. तिच्याकडं बघितलं तर ती पापणीबी न हलवता उजवीकडं खाली बघत होती, खरंच कुणी येणार असावं तशी. इंटरव्हललाबी जागची उठली न्हाई.

संध्याकाळी ओट्यावर आलो. अक्का बाजेवर. आता तिला फार दिसत न्हाई, कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखते.

वरचा डावा, न्हाई. बरं. वरचा उजवा, न्हाई. बरं. खालचा डावा, न्हाई. बरं.

मंग अक्का माझ्या दिशेनं वळली. मी मान खाली घातली. मोनाली तिच्या पायाशी जाऊन बसली.

“खालचा उजवा, आत्या. दिसले.”

अक्कानं चाचपत तिचा हात धरला. “बराबर बघितलं का गं?”

“नवरा हाय माझा,” मोनाली म्हणली. “मी चुकन का?”

माझेच शब्द होते. तिनं ते माझ्याकडं न बघता म्हणले. अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, फिरवत राहिली. मंग म्हणली, येईल तो, आता न्हाई तर पुढच्या वर्षी येईल. आपण दोघी वाट बघू. तू हाईस ना माझ्याजवळ?

“हाय की, आत्या. कुठं जाऊ आता?”

ज्याचा कोपरा त्याचा शब्द. आम्ही चौघं मान खाली घालून बसून राह्यलो. मोनाली आत गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला, अन् मंग भाकरी थापायचा.